फिल्मवर हात बसल्याशिवाय फोटोग्राफी येत नाही?

हौसेसाठी कॅमेरा घ्यायला निघालेल्या नवशिक्याला एक सल्ला हमखास मिळतो: आधी फिल्मवर शीक, रोलमध्ये ३६च फोटो असले की माणूस विचार करून बटण दाबतो. तो इतक्या ठामपणे दिला जातो की तपासून पाहावा असं कुणाला वाटतच नाही. अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड १९८४ साली वारले, तेव्हा त्यांच्यामागे सुमारे २,५०० रोल न धुतलेले निघाले. विनोग्रँड थोरच होते, पण फिल्म हाताला लगाम घालते हा दावा त्यांच्यापाशी टिकत नाही. शिवाय शिकायचं तर चूक आणि तिचं कारण एकाच वेळी समोर हवं. रोल धुऊन येईपर्यंत दिवस जातात. अ‍ॅपर्चर आणि शटर किती ठेवलं होतं हे वहीत टिपलं नसेल, तर चूक दिसते, कारण मात्र हाती लागत नाही. डिजिटल फाइलमध्ये ही नोंद आपोआप होते.

त्यातून निगेटिव्ह फिल्म चुका झाकते, हे तर कुणी सांगतच नाही. इल्फर्डची एक्सपी२ सुपर ही ४०० आयएसओची फिल्म एकाच रोलवर ५० ते ८०० पर्यंत कशीही वापरा, असं खुद्द कंपनीच सांगते. थोडा जास्त उजेड पडला तर लॅबवाला स्कॅन करताना सावरून घेतो, आणि नवशिक्याला वाटतं, एक्स्पोजर जमलं. डिजिटलमध्ये उजळ भाग एकदा पांढराफटक पडला की त्यातला तपशील परत येत नाही. म्हणजे कडक मास्तर कोण?

‘स्क्रीन बघत राहिल्याने लक्ष विषयावरून उडतं,’ हा आक्षेप रास्त आहे. पण फोटो काढल्यावर तो दाखवणं सेटिंगमधून बंद करता येतं, मॅन्युअल मोड लावून ३६ फोटोंची मर्यादाही स्वतःवर घालता येते. उलट, फिल्म कॅमेऱ्यात निकाल लगेच पाहण्याची सोय कशी आणणार?

बाकीचे समज थोडक्यात. जुना फिल्म कॅमेरा स्वस्त मिळतो खरा, पण रोल, धुलाई आणि स्कॅनिंगचा खर्च दर खेपेला पडतो. फिल्मवरचा फोटो ‘अस्सल’, हेही खरं नाही. छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स डार्करूममध्ये प्रिंटचे भाग हवे तसे गडद-फिके करत. आणि निगेटिव्ह कायम टिकते म्हणणाऱ्यांनी कोकणातल्या पावसाळ्याचा विचार करावा: दमट कपाटात तिला बुरशी लागते आणि रंगीत निगेटिव्हचे रंग काळानुसार उडतात.