प्रबंध जमा केला, पण व्हायवाची तारीख येईना! पीएचडीच्या रखडपट्टीत काय करावं, कुठं विचारावं?

पाच-सहा वर्षं घासून प्रबंध लिहिला. बाइंडिंग करून विद्यापीठात जमा केला, पोच घेतली, घरी पेढे वाटले. पुढं महिना गेला, चार महिने गेले. कारखान्याचा हंगाम सुरू होऊन संपलासुद्धा, तरी व्हायवाची तारीख नाही. एसटी स्टँडवर भेटेल तो विचारतो, "काय रं, झालास का डॉक्टर?" काय उत्तर द्यायचं, हेच कळत नाही.

राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, चंदगड, आजरा अशा तालुक्यांतून पीएचडीला नोंदणी करणारी अनेक मुलं-मुली घरातली पहिलीच पदवीधर असतात. बारावीचा निकाल ठरल्या वेळी लागतो, तसा हाही लागेल असं घरच्यांना वाटतं. उशीर झाला की "काहीतरी चुकलं असणार" अशी कुजबुज सुरू होते. खरं तर जमा केलेल्या प्रबंधाला अनेक टेबलं पार करावी लागतात आणि तो त्यातल्या कुठल्याही टेबलावर अडकू शकतो. तो नेमका कुठं अडकलाय हे कळलं, तर निम्मा ताण तिथंच हलका होतो. उरलेल्या निम्म्यासाठीही मार्ग आहेत.

प्रबंध जमा झाल्यावर पुढं काय होतं?

विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, ७ नोव्हेंबर २०२२ रोजी पीएचडीचे नवे नियम जाहीर केले. त्यानुसार प्रबंध मार्गदर्शक आणि किमान दोन बाहेरचे परीक्षक तपासतात. बाहेरचे म्हणजे त्या विद्यापीठात नोकरीला नसलेले. कामाचा क्रम साधारण असा असतो:

१. वाङ्मयचौर्य तपासणी, म्हणजे मजकुराची नक्कल तर नाही ना, हे सॉफ्टवेअरवर पाहणं.

२. परीक्षकांच्या यादीला मंजुरी, त्यांना पत्र आणि त्यांचा होकार.

३. परीक्षकांकडं प्रबंध पाठवणं आणि त्यांचे अहवाल येणं.

४. दोन्ही अहवाल अनुकूल आले की व्हायवा, म्हणजे मौखिक परीक्षा. ती ऑनलाइनही घेता येते.

५. प्रबंधाची सॉफ्ट कॉपी 'शोधगंगा' या राष्ट्रीय संग्रहासाठी देणं, निकालाची अधिसूचना आणि मग पदवी.

दुसरी आणि तिसरी पायरी सगळ्यात जास्त रेंगाळते. परीक्षक दुसऱ्या राज्यातला असतो. त्याला स्वतःचे तास असतात, पेपर तपासणी असते. होकार द्यायलाच कधी महिना जातो, कधी होकार देऊनही अहवाल लांबतो. कार्यालयातून स्मरणपत्र गेलं नाही, तर फाईल तशीच पडून राहते. यात विद्यार्थ्याच्या हुशारीचा काही संबंध नसतो.

एका बाहेरच्या परीक्षकाने प्रबंध नाकारला तरी सगळं संपत नाही. नियमाप्रमाणे तो मंजूर यादीतल्या दुसऱ्या परीक्षकाकडं जातो. त्याने स्वीकारला तर व्हायवा होतो, त्यानेही नाकारला तर मात्र प्रबंध अमान्य होतो. परीक्षकाने दुरुस्त्या सुचवल्या, तर ती नापासाची चिठ्ठी समजू नये. दुरुस्त्या सांगणं हे परीक्षकाचं कामच आहे.

सहा महिन्यांचा नियम

प्रबंध जमा केल्यापासून व्हायवाचा निकाल जाहीर होईपर्यंतचं सगळं काम सहा महिन्यांत पूर्ण होईल अशी व्यवस्था विद्यापीठाने करावी, असं यूजीसीचे नियम सांगतात. म्हणून पोचपावतीवरची तारीख फार मोलाची. तिचा फोटो काढून ठेवा. सहा महिने व्हायच्या आत घायकुतीला येण्याचं कारण नाही आणि सहा महिने उलटल्यावर विचारायला लाजण्याचंही कारण नाही.

आणखी काही मुदती ध्यानात ठेवाव्यात. २०२२ च्या नियमांत पीएचडीसाठी कोर्सवर्क धरून किमान ३ वर्षं आणि प्रवेशापासून जास्तीत जास्त ६ वर्षं आहेत. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत आहे. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. लग्नानंतर मुलगी दुसऱ्या गावी गेली, तर अटी पाळून तिचं संशोधन तिकडच्या संस्थेत नेता येतं. "लग्न झालं, आता पीएचडी सोडून दे" म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगावं. मात्र ज्यांचा प्रवेश २०२२ च्या आधीचा आहे, त्यांना २००९ किंवा २०१६ चे नियम लागू असू शकतात. त्यामुळे आधी आपल्या प्रवेशाची तारीख बघा आणि मग नियम शोधा.

विचारायचं कसं? पायरी पायरीनं

पहिली पायरी आपल्या गाईडची. मार्गदर्शकांशी बोलताना "सर, कधी होणार?" असं मोघम विचारू नका. "परीक्षकांची यादी मंजूर झाली का? दोन्ही होकार आले का? अहवाल किती आले?" असे नेमके प्रश्न विचारा. नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळायची शक्यता जास्त.

दुसरी पायरी कार्यालयाची. तोंडी चौकशीची कुठं नोंद राहत नाही. एका पानाचा अर्ज करा. त्यात नाव, विषय, नोंदणी क्रमांक, प्रबंध जमा केल्याची तारीख आणि "सध्या माझा प्रबंध कोणत्या टप्प्यावर आहे ते कळवावे" एवढंच लिहा. आवक-जावकला देऊन शिक्का घ्या किंवा ई-मेल करा. भाषा नम्र ठेवा. टेबलावरचा कारकून आपला शत्रू नाही, त्याच्यापुढं असे कितीतरी अर्ज असतात. चंदगडहून कोल्हापूरला हेलपाटा म्हणजे अख्खा दिवस जातो, म्हणून फोन करून संबंधित माणूस जाग्यावर आहे का, हे आधी विचारून निघा.

तिसरी पायरी तक्रार निवारणाची. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तक्रार आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत समितीने आपला अहवाल द्यायचा असतो. त्यावर समाधान झालं नाही, तर १५ दिवसांत लोकपालाकडं अपील करता येतं. लोकपालाने ३० दिवसांत निकाल द्यावा, असं नियमात आहे.

चौथी पायरी माहिती अधिकाराची. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून जनमाहिती अधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला फी नाही. ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. त्यात तारखा मागा: परीक्षकांना पत्र कधी गेलं, प्रबंध कधी पाठवला, स्मरणपत्रं कधी गेली. परीक्षकांची नावं मात्र मागू नका, ती गोपनीय ठेवली जातात.

पायऱ्या ओलांडून थेट वर उडी मारू नये. खालच्या पायरीवर केलेला अर्ज हाच वरच्या पायरीवरचा पुरावा असतो.

पैशाचं काय?

खरी अडचण इथं आहे. यूजीसीची जेआरएफ फेलोशिप जास्तीत जास्त ५ वर्षं मिळते. सारथी, बार्टी, महाज्योती यांच्या फेलोशिपलाही ठरलेली मुदत असते. म्हणजे प्रबंध कार्यालयात असताना खिशात काहीच येत नाही, असा काळ येतोच. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

कॉलेजच्या नोकरीसाठी पीएचडीच हवी, असा समज अजून अनेकांच्या मनात आहे. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता आहे आणि पीएचडी ऐच्छिक आहे. त्यामुळे सेट राहिली असेल, तर थांबण्याच्या काळात ती देता येते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ही परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. तासिका तत्त्वावरचं काम, प्रबंधातल्या एखाद्या प्रकरणाचा शोधनिबंध, व्हायवाची तयारी, अशी कामं हातात असली की दिवस मोकळा जात नाही.

मन खचत असेल तर

झोप न लागणं, सारखा ई-मेल उघडून बघणं, लग्नकार्याला जायला नको वाटणं, मित्राचा व्हायवा झाला की छातीत धस्स होणं, हे बऱ्याच जणांना होतं. २०१८ मध्ये 'नेचर बायोटेक्नॉलॉजी' या नियतकालिकात २६ देशांतल्या २,२७९ विद्यार्थ्यांची पाहणी छापून आली होती. त्यात बहुतेक पीएचडी करणारे होते. मध्यम ते तीव्र चिंतेची लक्षणं ४१ टक्के जणांत आणि नैराश्याची ३९ टक्के जणांत दिसली. पाहणीत स्वतःहून भाग घेतलेल्यांचे हे आकडे आहेत. तरी त्रास एकट्या-दुकट्याचा नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

चौकशीसाठी आठवड्यातला एक दिवस ठरवा. समजा बुधवार. बाकीचे सहा दिवस त्या विषयाचा ई-मेल नाही, फोन नाही. एका वहीत तारीख, कोणाशी बोललो आणि काय उत्तर मिळालं हे लिहा. वहीत उतरलं की तेच तेच डोक्यात घोळणं कमी होतं. गावातल्या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर तयार ठेवा: "प्रबंध दिलाय, तपासणी चालू आहे." पुढं खुलासा देत बसू नका.

घरच्यांनीही रोज विचारू नये. "आज काय झालं?" यापेक्षा "जेवलास का?" हा प्रश्न जास्त कामाचा असतो.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक गेली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वाट बघू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर २४ तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांना भेटता येतं. पाठदुखीला डॉक्टर चालतो, तसाच यालाही चालतो.

माणगावच्या परिषदेचे अध्यक्षही थांबले होते

२१ आणि २२ मार्च १९२० रोजी हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात परिषद झाली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि राजर्षी शाहू महाराज स्वतः तिथं आले होते. त्याच वर्षी बाबासाहेब अपुरं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला गेले. शिलकीतले पैसे, मित्राकडून घेतलेलं कर्ज आणि शाहू महाराजांची मदत, असा जमाखर्च होता.

रुपयाच्या प्रश्नावरचा आपला प्रबंध त्यांनी ऑक्टोबर १९२२ मध्ये लंडनला सादर केला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो बदलून द्यायला सांगितलं. पैसे संपत आले होते, त्यामुळे बाबासाहेब मुंबईला परतले. इथं बसून त्यांनी प्रबंध पुन्हा लिहून काढला, ऑगस्टमध्ये पाठवला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये तो मान्य झाला. मधल्या काळात मुंबईत त्यांनी वकिलीही सुरू केली होती.

अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाची गोष्ट तर आणखी लांबली. तिथलं शिक्षण आटोपून त्यांनी १९१६ मध्ये अमेरिका सोडली. १९१७ मध्ये मायदेशी परतताना वेगळ्या बोटीने पाठवलेलं त्यांचं पुस्तकांचं सामान, महायुद्धात ती बोट बुडाल्याने गेलं. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये छापून झाला आणि पीएचडीची पदवी मिळाली ८ जून १९२७ रोजी. अमेरिका सोडल्यानंतर ११ वर्षांनी.

या ११ वर्षांत त्यांनी 'मूकनायक' काढलं, माणगावची परिषद गाजवली, बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला २० मार्च १९२७ ला, कोलंबियाची पदवी येण्याच्या अडीच महिने आधी.

ज्यांचा प्रबंध आज कुठल्यातरी टेबलावर अडकला आहे, त्यांनी पोचपावतीवरची तारीख बघावी, सहा महिने मोजावेत आणि येत्या बुधवारी एक पानाचा अर्ज द्यावा. मग सेटचं पुस्तक उघडावं किंवा रानात एक चक्कर मारून यावी.