बांधातले पाणी

रायपूरच्या तात्यापाऱ्यातील आम्हा मराठी कुटुंबांच्या ताटात नित्य वाढला जाणारा भात आरंग-अभनपूरकडील ज्या शेतांत पिकतो, त्यांपैकी एखाद्या शेतात श्रावणात अनवाणी उतरून पाहावे. चिखलात पाय रुतताच घोट्याभोवती बुडबुडे उठतात. साचलेल्या पाण्याखाली मातीतील प्राणवायू संपला, की कुजक्या मुळ्यांवर व पेंढ्यावर जगणारे सूक्ष्म जीव जो मिथेन निर्माण करतात, तोच हा. आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो.

भातास अखंड जलशय्या हवी, ही समजूत मात्र अर्धीच खरी आहे. त्याला साचलेले पाणी सोसते, पण ते साठवण्यात शेतकऱ्याचा मोठा हेतू तण दडपण्याचा असतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने प्रचारात आणलेली तजवीज मला मोलाची वाटते: भोके पाडलेली नळी शेतात पुरावी, तीत पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर उतरले म्हणजेच पुन्हा पाणी सोडावे, फुलोऱ्यात तेवढी ओल तुटू देऊ नये. एवढ्याने मिथेन जवळजवळ निम्म्याने घटतो. पण ज्याचे पीक केवळ पावसावर आहे, आणि ज्याला बियासीसाठी, म्हणजे उगवलेल्या भातातून नांगर फिरवण्यासाठी, शेतात पाणी साचण्याची वाट पाहावी लागते, त्या शेतकऱ्याला ही नळी काय कामाची? तिचे खरे स्थान गंगरेल धरणाच्या कालव्याखाली, आणि त्याहून अधिक कूपनलिकेवर पोसल्या जाणाऱ्या उन्हाळी धानात.

त्या उन्हाळी धानाऐवजी येथील जुना शिरस्ता उतेऱ्याचा. महसुली बंदोबस्ताच्या दप्तरांत जिची ‘कन्हार’ अशी प्रतवारी आढळते, त्या काळ्या जमिनीत कापणीपूर्वीच, उभ्या धानात, ओल्या मातीवर तिवडा, म्हणजे आपली लाखोळी, फेकतात. नांगरट नाही, पाणी नाही, उलट मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र मिळते. लाखोळीच्या अतिसेवनाने पाय लुळे पडतात हे भय निराधार नाही. परंतु रायपूरच्याच कृषी विश्वविद्यालयाने अल्पविषारी ‘महातिवडा’ वाण दिला आहे. तरीही उतेरा आटतो आहे, कारण धान कापले गेले की गुरे मोकळी सुटतात आणि कोवळा तिवडा रातोरात फस्त होतो. पावसाळ्याच्या आरंभी गावोगाव होणारा ‘रोका-छेका’, म्हणजे गुरे बांधून ठेवण्याचा सामुदायिक करार, तिवडा घरी येईपर्यंत लांबवावा, एवढीच पंचायतींकडे माझी कळकळीची मागणी आहे.