घर व आवार सापांपासून सुरक्षित कसे राखावे

पावसाळा हा भातशेतीचा हंगाम, तसाच तो सर्पदंशाचाही हंगाम होय. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सुमारे ५८,००० मृत्यू झाले, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देण्यात आला आहे. यांपैकी जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत घडले. मृतांत ग्रामीण कुटुंबांतील माणसांची संख्या फार मोठी असते, आणि कित्येक दंश शेतात न होता राहत्या घरात किंवा अंगणात होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश उपेक्षित रोगांच्या यादीत केला. असे असले तरी यांतील पुष्कळसे दंश कुटुंबाला स्वतःच्या प्रयत्नाने व अल्प खर्चात टाळता येण्यासारखे आहेत.

साप घराकडे का येतो

साप माणसाच्या मागे येत नाही. त्याला दोन गोष्टी हव्या असतात : भक्ष्य व आसरा. या दोन्ही गोष्टी ज्या घराच्या आवारात मिळतात, तेथे तो येतो व टिकतो. ज्या आवारात त्या मिळत नाहीत, तेथून तो निघून जातो. घराच्या बंदोबस्ताचे सारे इंगित यात आहे.

मध्य रेल्वेवरील दिवा व डोंबिवली या स्थानकांमधील कोपरचे उदाहरण घ्यावे. हा भाग आज कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत मोडतो. पश्चिमेस उल्हास नदीची खाडी आहे, पूर्वेस आयरे, भोपर ही गावे आहेत. अशा सखल भागात भातखाचरे, पडीक गवताळ जागा, चाळी आणि जुनी घरे एकमेकांस लागून असतात. पावसाचे पाणी खाचरांत साचले, की बांधांतील उंदरांची बिळे बुडतात. उंदीर उंच व कोरड्या जागेच्या शोधात घराच्या चौथऱ्याकडे सरकतात आणि त्यांच्या पाठोपाठ साप येतो. दुसरी वेळ कापणीनंतरची. भाताचे भारे खळ्यावर आले व उडवी रचली गेली, की शेतातील उंदीर धान्याच्या मागे आवारात येतात. पडीक जमिनीवर बांधकाम सुरू झाले म्हणजेही हेच घडते. जागा उकरली गेल्यामुळे उंदीर व साप दोघेही शेजारच्या घरांचा आश्रय घेतात.

कोणते साप जाणून घ्यावेत

महाराष्ट्रात माणसाच्या मृत्यूस मुख्यतः चार विषारी साप कारण होतात : नाग, मण्यार, घोणस व फुरसे. नाग उंदीर व बेडूक खातो आणि कोंबड्यांच्या खुराड्याकडेही वळतो. घोणस गवतात व पेंढ्यात निश्चल पडून राहते आणि पाय पडल्यास चावते. डिवचली असता ती मोठा फूत्कार करते. फुरसे लहान असून कोकणात खडकाळ व कातळाच्या जागी विशेष आढळते.

घराच्या दृष्टीने मण्यार सर्वांत घातक होय. ती रात्री हिंडते, इतर साप, पाली व उंदीर खाते आणि जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. तिच्या दंशाने बहुधा वेदना होत नाहीत, सूज येत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखणे, घशाशी त्रास होणे, पापण्या जड होऊन मिटू लागणे ही लक्षणे दिसतात, आणि पुढे श्वास बंद पडतो. निरोगी माणूस निजून उठल्यावर अशी लक्षणे दिसल्यास, साप कोणी पाहिला नसला तरी मण्यारीच्या दंशाची शंका घ्यावी.

निरुपद्रवी सापांचीही ओळख असावी. धामण उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य राखते. पाणदिवड खाचरातील बेडूक व मासे खाते. पालींच्या मागे भिंतीवर चढणारा कवड्या पुष्कळदा मण्यार समजून मारला जातो. मण्यारीच्या काळसर अंगावरील बारीक पांढरे पट्टे बहुधा जोडीने असतात व शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्या तपकिरी असून त्याचे पट्टे मानेकडे स्पष्ट व शेपटीकडे पुसट असतात. तथापि ही पारख करण्यासाठी कोणीही सापाच्या जवळ जाऊ नये.

आवाराची व्यवस्था

१. घराभोवती निदान दहा फूट जागा स्वच्छ ठेवावी. पावसाळ्यात गवत दर आठवड्यास काढावे. छपरास टेकलेल्या फांद्या छाटाव्यात.

२. लाकूडफाटा, गोवऱ्या, कौले व विटा भिंतीला लावून रचू नयेत. त्या घरापासून दूर, जमिनीपासून हात-दीड हात उंच मांडवावर ठेवाव्यात. पेंढ्याची उडवीही घरापासून दूर असावी. पेंढा काढताना प्रथम काठीने हलवावा, नंतर हात घालावा.

३. चौथऱ्याच्या भेगा, कुडाची भोके व भिंतीतील बिळे दगड-सिमेंटने बुजवावीत. मोरीच्या तोंडास व खिडक्यांस पाव इंचाहून मोठी भोके नसलेली तारेची जाळी लावावी. दाराखालील फटही पाव इंचाहून अधिक नसावी. तेथे पत्र्याची किंवा रबराची पट्टी ठोकावी.

४. मोरीचे पाणी उघड्यावर साचू देऊ नये. ओलीत बेडूक येतात व बेडकांमागे साप येतो. त्यासाठी शोषखड्डा करावा.

५. कोंबड्यांचे खुराडे घराला लागून नसावे. ते जमिनीपासून उंच असावे व त्यास सर्व बाजूंनी बारीक जाळी असावी.

उंदरांचा बंदोबस्त

उंदीर राहिले तर वरील सर्व श्रम निम्मे वाया जातात. धान्य झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवावे. उष्टेखरकटे व गुरांचा आंबोण रात्री उघडा राहू नये. घरात पिंजरे लावावेत. झिंक फॉस्फाइडचे आमिष घरात किंवा गोठ्यात ठेवू नये. या विषावर उतारा नाही, आणि मुले, गुरे व कोंबड्या यांना त्यापासून धोका असतो. शेतात ते वापरावयाचे झाल्यास कृषी विभागाच्या मार्गदर्शनाने वापरावे आणि मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत. खाचरांचे बांध रुंद ठेवण्याऐवजी अरुंद व तासलेले ठेवले, म्हणजे उंदरांना बिळे करण्यास जागा उरत नाही. हे काम गावाने एकाच वेळी केल्यास विशेष गुण येतो. एकट्याने केल्यास शेजारच्या शेतातील उंदीर पुन्हा येतात.

निजण्याची पद्धत

मण्यारीपासून बचावाचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे जमिनीवर न निजणे. खाटेवर निजावे, खाट भिंतीपासून थोडी सरकवावी आणि पांघरूण जमिनीवर लोंबू देऊ नये. खाट नसल्यास मच्छरदाणी अवश्य वापरावी व तिच्या कडा अंथरुणाखाली चोहोबाजूंनी खोचाव्यात. नेपाळच्या तराई भागात झालेल्या व २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मच्छरदाणीत निजणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका पुष्कळ कमी असल्याचे आढळून आले. हिवतापासाठी घेतलेली मच्छरदाणी अशा रीतीने दुहेरी उपयोगाची ठरते. रात्री बाहेर पडताना विजेरी व पायांत जोडे असावेत. शेतात उंच गमबूट वापरावेत.

औषधे व समजुती

घराभोवती गंधक, कार्बोलिक आम्ल, नॅप्थॅलीनच्या गोळ्या किंवा लसूण टाकल्याने साप येत नाही, अशी समजूत आहे. या वस्तूंवर विसंबू नये. त्यांपैकी काही मुलांना व गुरांना विषारी आहेत, आणि त्यांच्या भरवशावर बिळे बुजवावयाची राहून जातात, हे नुकसान वेगळेच.

साप दिसताच मारणे हाही उपाय नव्हे. रत्नागिरी जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात फुरसे मारण्यासाठी सरकारने बक्षिसे लावली होती. फुरशी मोठ्या संख्येने मारली गेली, तरी त्या जिल्ह्यात ती आजही आहेत. साप मारण्याच्या प्रयत्नात दंश होण्याचे प्रसंगही थोडे नाहीत. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये सापांना संरक्षण आहे. घरात साप आल्यास मुलांना व गुरांना दूर करावे, सापावर लांबून लक्ष ठेवावे, बाहेर जाण्याची वाट मोकळी ठेवावी आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

दंश झाल्यास

रोग्यास धीर द्यावा व चालू देऊ नये. दंश झालेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून, मोडलेल्या हाडास आधार देतात त्याप्रमाणे, स्थिर ठेवावा. अंगठ्या, बांगड्या व पैंजण काढावेत. करकचून दोरी बांधणे, जखम कापणे, तोंडाने विष चोखणे, पाला बांधणे हे सर्व वर्ज्य करावे. दंशाची वेळ लक्षात ठेवावी. साप पकडण्यात अथवा मारून नेण्यात वेळ घालवू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने थेट रुग्णालय गाठावे. आपल्याकडे वापरली जाणारी सर्पविषप्रतिबंधक लस वरील चारही सापांच्या विषांवर लागू पडते. मुंबईत परळ येथील हाफकिन संस्थेचे नाव या लसीशी दीर्घकाळ जोडलेले आहे. लस हाच विषावरील खरा उतारा होय. मांत्रिकाकडे गेलेला प्रत्येक तास रोग्याच्या आयुष्यातून वजा होतो. दंश बिनविषारी सापाचा असल्यास मंत्राने गुण आल्यासारखे वाटते. दंश मण्यारीचा असल्यास तोच भरवसा प्राणघातक ठरतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

मे महिन्याच्या अखेरीपूर्वी कार्यकर्त्यांनी प्रत्येक वस्तीत फिरून तीन गोष्टींची नोंद करावी : किती कुटुंबे जमिनीवर मच्छरदाणीवाचून निजतात, कोणत्या घरांना लागून पेंढा किंवा सरपण रचले आहे, आणि लस व श्वासोच्छ्वासास साहाय्य देण्याची सोय असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते. लसीचा साठा आहे किंवा नाही, याची रुग्णालयात समक्ष चौकशी करून ठेवावी. दंश झाल्यानंतर ही चौकशी करीत बसण्यास अवधी नसतो. रुग्णालयाचे नाव व दूरध्वनी क्रमांक समाजमंदिर, शाळा व दुकान यांच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. उंदरांची सामुदायिक मोहीम लावणीपूर्वी एकदा व कापणीनंतर एकदा घ्यावी. एवढी कामे वेळेवर झाली, तर पावसाळ्यात कुटुंबाची झोप अधिक निर्धास्त होईल.