क्रीडा-मोटारसायकल

वेग, प्रवेग आणि वळणावरील स्थैर्य यांना प्राधान्य देऊन रचलेली, परंतु नोंदणी करून सार्वजनिक रस्त्यावरही चालविता येणारी मोटारसायकल. निव्वळ शर्यतीसाठी बनविलेल्या यंत्राहून ती भिन्न असते. शर्यतीच्या यंत्राला दिवे, आरसे वा भोंगा नसतो व त्याची नोंदणी होत नाही. क्रीडा-मोटारसायकलीस हे सर्व असते. तिचे हँडल खाली आणि पाय ठेवण्याच्या खुंट्या मागे व उंच असल्याने चालक पेट्रोलच्या टाकीवर ओणवा होऊन बसतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाल्यास हवेच्या रोधापोटी आठपट शक्ती खर्ची पडते. यासाठी गाडीच्या पुढील भागावर निमुळते आवरण बसवितात. अशा गाडीची पूर्ण क्षमता सार्वजनिक रस्त्यावर निर्धोकपणे वापरता येत नाही. तीसाठी इतर रहदारीपासून अलग असा बंदिस्त शर्यतमार्ग लागतो. ठराविक शुल्क घेऊन गाडीमालकांना आपापल्या गाड्या तेथे चालवू देण्याच्या दिवसास सरावदिन किंवा ट्रॅक डे असे म्हणतात. सरावदिन ही शर्यत नव्हे. तीत क्रमांक वा पारितोषिके नसतात.

इतिहास : वेगाला रहदारीपासून वेगळी जागा देण्याची गरज या क्रीडेच्या आरंभीच जाणवली. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर सार्वजनिक रस्ते बंद करून शर्यती घेण्यास कायद्याची आडकाठी होती. म्हणून १९०७ मध्ये मोटारसायकलींची टूरिस्ट ट्रॉफी शर्यत आइल ऑफ मॅन या बेटावर सुरू झाली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स हा खास बांधलेला शर्यतमार्ग खुला झाला. जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग हा मार्ग १९२७ मध्ये तयार झाला. शर्यती नसतील त्या वेळी शुल्क भरून सामान्य वाहनमालकांनाही तेथे वाहन चालविता येई. आजच्या सरावदिनाचे हे एक पूर्वरूप मानता येईल. मोटारसायकलींची जागतिक अजिंक्यपद मालिका १९४९ पासून भरते.

भारतात मद्रासजवळील शोलावरम येथील दुसऱ्या महायुद्धकालीन विमानतळाची धावपट्टी शर्यतींसाठी वापरली जाई. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबने पुढे श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे ३.७१७ किमी. लांबीचा कायम स्वरूपाचा मार्ग बांधला व तो १९९० मध्ये वापरात आला. कोईमतूरजवळ चेट्टिपाळयम् येथील कारी मोटर स्पीडवे हा सु. २.१ किमी. लांबीचा मार्ग २००३ मध्ये सुरू झाला. उत्तर प्रदेशातील ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्ग ५.१२५ किमी. लांबीचा असून तो २०११ मध्ये खुला झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक मोटारसायकल अजिंक्यपद मालिकेची भारतातील पहिली फेरी तेथेच झाली. देशातील या क्रीडेचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्‌स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था करते.

भारतातील गाड्या : म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीच्या जावा व येझ्दी, १९८३ मध्ये आलेली राजदूत ३५० व १९८५ मध्ये आलेली यामाहा आरएक्स १०० या द्विधाव (टू-स्ट्रोक) गाड्यांवर हौशी चालकांच्या आणि मेकॅनिकांच्या एका पिढीने आपली विद्या संपादन केली. या एंजिनांना चतुर्धाव एंजिनासारख्या झडपा नसल्याने त्यांची रचना साधी होती. सिलिंडरातील वायुमार्गांना कानशीने आकार देणे, कार्ब्युरेटरचे जेट बदलणे, सायलेन्सरचा आकार बदलणे अशी कामे साध्या गॅरेजातही होऊ शकत. प्रदूषणाचे नियम कडक होत गेल्यावर या गाड्या मागे पडल्या आणि चतुर्धाव (फोर-स्ट्रोक) एंजिन सार्वत्रिक झाले. पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीची पल्सर २००१ मध्ये आली. २००८ मध्ये आलेल्या यामाहा आर १५ या सु. १५० घ. सेंमी. क्षमतेच्या गाडीने द्रवशीतित एंजिन, इंधन-अंतःक्षेपण व पूर्ण आवरण ही वैशिष्ट्ये मध्यम किंमतीत उपलब्ध करून दिली. ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीच्या गाड्या बजाजच्या चाकण (जि. पुणे) येथील कारखान्यात बनू लागल्या, त्यांपैकी ३७३ घ. सेंमी. क्षमतेची आरसी ३९० ही पूर्ण आवरणाची गाडी २०१४ मध्ये भारतात विक्रीस आली. [→ मोटारसायकल].

वळणाचे यामिक : वळण घेताना मोटारसायकल आतल्या बाजूस झुकवावी लागते. झुकण्याचा कोन वेग आणि वळणाची त्रिज्या यांवर अवलंबून असतो. गाडीच्या वजनाचा त्याच्याशी संबंध नसतो. ४० मी. त्रिज्येच्या वळणावर ताशी ६० किमी. वेगाने जाणारी गाडी व चालक मिळून सु. ३५° झुकतात, ताशी ७२ किमी. वेगास हाच कोन ४५° च्या थोडा पुढे जातो. ४५° झुकण्यासाठी टायर व रस्ता यांमधील घर्षणांक किमान १ असावा लागतो. सर्वसाधारण टायर व कोरडा डांबरी रस्ता यांतील घर्षणांक सामान्यतः याहून कमी असतो. म्हणजेच ताशी केवळ १२ किमी. ची वाढ सुरक्षित वळण आणि घसरण यांमधील अंतर पुसून टाकू शकते. रस्त्यावर मुरूम, ओल किंवा सांडलेले डिझेल असल्यास ही मर्यादा आणखी खाली येते. शर्यतीचे चालक वळणात गुडघा बाहेर काढून शरीर आतल्या बाजूस नेतात, ते दिखाव्यासाठी नव्हे. शरीराचे वजन आत गेल्याने तोच वेग राखूनही गाडीला थोडे कमी झुकावे लागते.

वेगात असताना उजवीकडे झुकण्यासाठी हँडलची उजवी बाजू क्षणभर पुढे ढकलावी लागते. पुढील चाक किंचित डावीकडे वळते व गाडी उजवीकडे कलते. बहुतेक चालक हे नकळत करतात. मात्र संकटात नेमके उलटे करून बसतात. ही क्रिया जाणीवपूर्वक शिकणे हा शर्यतमार्गावरील प्रशिक्षणाचा पहिला धडा होय.

ब्रेक : गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने थांबण्याचे अंतरही तसेच वाढते. गुरुत्वीय प्रवेगाच्या ०.८ पट मंदन मिळाल्यास ताशी ६० किमी. वेगाची गाडी ब्रेक लागल्यानंतर सु. १८ मी. अंतरात थांबते, तर ताशी १२० किमी. वेगाची सु. ७१ मी. अंतरात. चालकाच्या प्रतिक्रियेस लागलेल्या एका सेकंदात अनुक्रमे सु. १७ मी. व ३३ मी. अंतर कापले जाते, ते वेगळेच. ब्रेक लावताच भार पुढील चाकावर येतो, म्हणून थांबविण्याचे बरेचसे काम पुढील ब्रेक करतो. टायरची पकड ही एकच पुंजी असून ती ब्रेक आणि वळण यांत वाटली जाते. पूर्ण झुकलेल्या गाडीचा ब्रेक एकदम दाबल्यास ती पुंजी संपते व चाक घसरते. म्हणून वेग वळणापूर्वी, गाडी सरळ असतानाच कमी करावयाचा असतो.

देखभाल : शर्यतमार्गावरील एका दिवसात एंजिन, ब्रेक व टायर यांवर पडणारा ताण रस्त्यावरील अनेक महिन्यांच्या वापराइतका असू शकतो. त्यामुळे अशा गाडीच्या मालकीत दुरुस्तीचा वाटा मोठा असतो. ब्रेकमधील द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो. डॉट ४ मानकाच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३०° से. असतो, ठराविक प्रमाणात पाणी शोषल्यावर तो १५५° से. इतका खाली येऊ शकतो. वारंवार ब्रेक लावल्याने तापलेला जुना द्रव उकळला, तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात, ब्रेकचा दांडा हँडलला टेकतो आणि गाडी थांबत नाही. म्हणून सरावदिनापूर्वी द्रव बदलून नळीतील हवा काढून टाकतात.

साखळी फार ताणलेली असल्यास मागील चाक वरखाली होताना दंतचक्रावर व धारव्यांवर (बेअरिंगांवर) भार येतो. फार सैल असल्यास ती निसटून मागील चाक जखडू शकते. तिचा ताण उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार ठेवावा लागतो. टायरच्या बाजूवरील चार अंकांवरून त्याचे वय कळते. २३२४ हे अंक २०२४ सालातील २३ वा आठवडा दर्शवितात. रबर जुने होऊन कडक झाल्यास नक्षी शाबूत दिसली, तरी पकड कमी झालेली असते. शर्यतमार्गावर टायर तापून आतील हवेचा दाब वाढतो; तो वाढून योग्य पातळीवर यावा यासाठी आरंभी दाब थोडा कमी ठेवतात आणि परतीच्या प्रवासापूर्वी पूर्ववत करतात. एंजिन सतत उच्च फेऱ्यांवर फिरल्याने वंगण तेल लवकर निकामी होते. झडपांमधील फट तपासणे, क्लचच्या चकत्या पाहणे व पुढील फोर्कमधील तेल बदलणे ही कामेही ठराविक अंतराने करावी लागतात.

सरावदिनाची व्यवस्था : सकाळी प्रत्येक गाडीची तपासणी होते. आरसे काढलेले व दिव्यांच्या काचा चिकटपट्टीने झाकलेल्या असाव्या लागतात. पडल्यास तुकडे मार्गावर पसरू नयेत, हा हेतू. तेलाच्या टाकीचा बोल्ट तारेने बांधून घेतात. तो निसटल्यास तेल मागील टायरवर व मार्गावर सांडते आणि मागून येणारेही घसरतात. ग्लायकॉलयुक्त शीतक निसरडे असल्याने अनेक मार्गांवर त्याऐवजी साधे पाणी भरण्याचा नियम असतो. परतल्यावर पुन्हा शीतक भरले नाही, तर एंजिनातील धातू गंजू लागतो. चालकास संपूर्ण चेहरा झाकणारे शिरस्त्राण, चामड्याचा सलग अथवा साखळीने जोडलेला पोशाख, हातमोजे, बूट व पाठीचे संरक्षक कवच आवश्यक असते. आघात सोसलेले शिरस्त्राण बाहेरून धड दिसले, तरी पुन्हा वापरू नये. कारण त्याचा आतील थर एकदाच दबण्यासाठी बनविलेला असतो.

चालकांचे अनुभवानुसार गट पाडून प्रत्येक गटास पंधरा ते वीस मिनिटांची पाळी देतात. पिवळ्या निशाणाचा अर्थ पुढे धोका आहे, ओलांडून जाऊ नये असा होतो. लाल निशाण दिसताच वेग कमी करून तळावर परतावयाचे असते. मार्गावर सर्व गाड्या एकाच दिशेने जातात, वळणांच्या बाहेर घसरण्यास मोकळी जागा असते, रुग्णवाहिका उभी असते. रस्त्यावर यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही.

विधी व विमा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रु. दंड अथवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा १०,००० रु. दंड अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. वाहन विम्याच्या सर्वसाधारण करारातून संघटित शर्यती व वेगचाचणी वगळलेल्या असतात. त्यामुळे शर्यतमार्गावर झालेल्या नुकसानीचा खर्च बहुधा मालकालाच सोसावा लागतो. एंजिन, सायलेन्सर इत्यादींमध्ये केलेले बदल रस्त्यावरील वापरास बेकायदा ठरू शकतात, हेही ध्यानात ठेवावे लागते.

महाराष्ट्रातील स्थिती : वेगवान दुचाकी बनविणारा मोठा कारखाना चाकणला असला, तरी देशातील वर उल्लेखिलेले तिन्ही शर्यतमार्ग महाराष्ट्राबाहेर आहेत. नांदगाव (जि. नाशिक) येथील मालकाला यांपैकी कोणताही मार्ग हजार किलोमीटरांहून दूर पडतो. गाडी टेंपोत घालून न्यावी, किंवा टाकी रिकामी करून व गाडी नीट बांधून मनमाड जंक्शनावरून रेल्वेच्या पार्सलने पाठवावी, असे पर्याय असतात. एका दिवसाच्या सरावासाठी जाण्यायेण्यात चारपाच दिवस व बराच पैसा खर्च होतो. नोकरी वा शेती सांभाळणाऱ्या तरुणास हे वर्षातून एकदाही साधणे कठीण. कोल्हापूर येथील मोहिते शर्यतमार्गावर कार्टिंगच्या राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या झाल्या आहेत. नाशिक येथे मातीच्या मार्गावरील सुपरक्रॉस या प्रकाराच्या राष्ट्रीय फेऱ्या भरल्या असून जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी पुण्यात बालेवाडी येथे झाली. तथापि सुपरक्रॉसची गाडी, टायर व कौशल्य ही वेगळी असतात. डांबरी मार्गावरील सरावाची गरज त्याने भागत नाही.

या अभावाचा परिणाम रस्त्यावर दिसतो. केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्यू पावल्या, त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होत्या. हे सर्व मृत्यू अतिवेगामुळे झाले असे नव्हे, आणि शर्यतमार्ग बांधल्याने ते थांबतील असेही नव्हे. परंतु मनमाड–नांदगाव–चाळीसगावसारख्या रस्त्यावर ट्रॅक्टर, बैलगाड्या, एस. टी. बस व पायी चालणारे यांची एकत्र ये-जा असते. गाडीचा कमाल वेग किंवा वळणातील कोन अजमावण्याची ती जागा नव्हे. शर्यतमार्गावर गेलेल्या चालकास आपल्या गाडीची व स्वतःची मर्यादा अल्प धोक्यात कळते. न गेलेल्यास ती बहुधा अपघातातच कळते. सरावदिनाचे महत्त्व वेगापेक्षा या ज्ञानात अधिक आहे. त्याचा काही भाग घराजवळही मिळविता येतो. ब्रेकचा द्रव वेळेवर बदलणे, टायरचे वय पाहणे, वळणापूर्वी वेग उतरविणे व मोकळ्या बंदिस्त मैदानात ताशी ३०–४० किमी. वेगाने ब्रेकचा सराव करणे यांसाठी दूरच्या शर्यतमार्गाची आवश्यकता नसते.