गर्दीतला रेणू ओळखणारे सोन्याचे कण

पुडीत काय आहे, बाटलीत काय आहे, रुग्णाच्या लघवीत काय आहे, हे प्रश्न वरकरणी साधे वाटतात. परंतु त्यांच्या उत्तरावर कुणाची औषधयोजना ठरते, तर कुणाची कोठडी. म्हणून हे उत्तर कसे मिळते याची थोडी माहिती सर्वसामान्य माणसालाही असावी, असे आम्हांस वाटते. आम्ही कला शाखेचे पदवीधर, पोटापाण्याला बँकेतले आकडे. तेव्हा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे विवेचन जरा बाळबोध वाटेल, त्यांनी ते गोड मानून घ्यावे.

अंमली पदार्थाच्या जागेवरच्या तपासणीत पुष्कळदा रंगचाचणी करतात. मार्क्विस नावाच्या द्रावणाचा थेंब टाकायचा आणि रंग पाहायचा. मेथॲम्फेटामिन असेल तर नारिंगी ते तांबूस तपकिरी रंग येतो. पण याच द्रावणात साखर घातली तर गडद तपकिरी आणि ॲस्पिरीन घातली तर गडद लाल रंग येतो! आता रात्रीच्या अंधुक उजेडात घाईने पाहणाऱ्याने या छटांत फरक कसा करावा? म्हणूनच रंगचाचणी हा केवळ संशय मानतात, पुरावा मानत नाहीत. निदान मानू नये. दुसरी अडचण अशी, की १९८५ चा आपला अंमली पदार्थविरोधी कायदा घ्या किंवा अन्य देशांचे कायदे घ्या, ते बव्हंशी पदार्थांच्या यादीवर चालतात. चोरटे कारखानदार मूळ रेणूची एखादी फांदी बदलतात आणि यादीबाहेरचा नवाच पदार्थ बाजारात आणतात. ठराविक रेणूसाठी बनवलेली चाचणी अशा नव्या पाहुण्यापुढे फसू शकते. ‘काहीतरी आहे’ एवढे कळून भागत नाही, ‘कोण आहे’ हे कळावे लागते.

‘कोण आहे’ हे सांगण्यात ज्या यंत्राचा हातखंडा, ते म्हणजे एनएमआर, अर्थात केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन. रुग्णालयातला एमआरआय हा त्याचाच भाऊ. हायड्रोजनच्या अणूचे केंद्रक हे जणू एक इवलेसे चुंबक असते. पदार्थ अतिशय प्रबळ चुंबकात ठेवला आणि त्यावर रेडिओलहरी सोडल्या की हे केंद्रक ठराविक कंपनसंख्येला प्रतिसाद देते. ही कंपनसंख्या त्या हायड्रोजनचे शेजारी कोण आहेत त्याप्रमाणे किंचित बदलते. मद्यार्काच्या रेणूत सहा हायड्रोजन असतात. तीन एका ठिकाणी, दोन दुसऱ्या ठिकाणी आणि एक तिसऱ्या ठिकाणी. त्याच्या आलेखात बरोबर तीन शिखरे येतात, आणि त्यांचे क्षेत्रफळ ३:२:१ असते. हा आता प्रसिद्ध झालेला आलेख १९५१ साली अमेरिकेत स्टॅनफर्डला ज्या तिघांनी प्रसिद्ध केला, त्यांत एक एस. एस. धर्मट्टी होते. पुढे ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तेथे त्यांनी या विषयाचे संशोधन उभे केले. आपल्या मुंबईकर विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक असावयास हवे. बहुतेकांना ते नसते.

पुढे रिचर्ड अर्न्स्ट या स्विस शास्त्रज्ञाने हे तंत्र कितीतरी पटींनी जलद व संवेदनशील केले. त्याबद्दल त्यांना १९९१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जाता जाता सांगावेसे वाटते, की हे अर्न्स्ट तिबेटी बौद्ध थांका चित्रांचे संग्राहक होते आणि त्या चित्रांतील रंगद्रव्यांचाही त्यांनी शास्त्रीय अभ्यास केला.

एवढे सामर्थ्य असूनही एनएमआरचे दोन दोष आहेत. पहिला म्हणजे त्याचा आवाज फार क्षीण. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दोन-तीन लाख पट प्रबळ चुंबकातसुद्धा दहा लाख हायड्रोजन केंद्रकांमागे जेमतेम पन्नासांच्या आसपास केंद्रकांचेच माप पदरात पडते. बाकीची एकमेकांना खोडून काढतात. दुसरा दोष गर्दीचा. एकटा पदार्थ असेल तर आलेख स्वच्छ येतो. परंतु लघवीत शेकडो पदार्थ असतात. त्या सर्वांची शिखरे एकमेकांवर चढतात आणि आपल्याला हवा तो रेणू त्या गोंगाटात हरवतो. पगाराच्या दिवशी काउंटरपुढे एकाच वेळी शंभर माणसे बोलू लागली म्हणजे जे होते, तेच.

यावर इटलीतील पादुआ विद्यापीठाच्या फाब्रित्सिओ मान्चिन आणि फेदेरिको रास्त्रेल्ली यांच्या गटाने जी युक्ती काढली, ती आम्हांला फार आवडली. त्यांनी मदतीला घेतले सोन्याचे नॅनोकण. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांपैकी दोन भागांएवढा या कणाचा गाभा. एवढ्या बारीक सोन्याचे द्रावण पिवळेधमक नसून तपकिरी दिसते. सराफाला दाखवले तर तो ओळखणार नाही. गंधकाची पकड सोन्यावर घट्ट बसते. त्यामुळे टोकाला गंधक असलेले लांबट रेणू या गाभ्यावर सगळीकडून रोवता येतात. कदंबाच्या फुलाला जसे सर्व बाजूंनी केसर असतात, तसा हा कण दिसेल, अशी कल्पना करावी. हे केसर कसे निवडायचे ते आपल्या हाती असते. विद्युतभार, तेलकटपणा हे गुण असे ठरवायचे, की हवा तो रेणू तेथे येऊन टेकेल आणि नको असलेले पुढे निघून जातील.

आता खरी गंमत. यंत्राला सांगायचे, की फक्त कणावरच्या केसरांना रेडिओलहरींनी थकवून टाक. थकलेले केंद्रक संदेश देत नाही. हा थकवा संसर्गासारखा पसरतो. जो रेणू केसरांत क्षणभर टेकला, त्यालाही तो लागतो. मग तो रेणू सुटून पुन्हा पाण्यात जातो, पण थकवा घेऊनच. जो कणाजवळ फिरकलाच नाही, तो ताजातवाना राहतो. यानंतर दोन आलेख घ्यायचे, एक थकवा न देता आणि एक थकवा देऊन, आणि एकातून दुसरा वजा करायचा. बँकेत आम्ही दोन खतावण्यांचा ताळा घेतो तेव्हा जुळणाऱ्या नोंदींवर टिचक्या पडतात आणि फरकाची नोंद तेवढी उरते. तद्वतच येथे गर्दी सगळी वजा होते आणि कणाला भेटून आलेल्या रेणूचा आलेख तेवढा उरतो. वजाबाकीची ही रीत मूळची प्रथिनांसाठी, जर्मनीत हॅम्बुर्ग येथे १९९९ साली प्रसिद्ध झालेली. प्रथिनाच्या जागी सोन्याचा कण आला, एवढेच.

ध्यानात घेण्याजोगा मुद्दा हा, की येथे रंग बदलत नाही आणि दिवाही लागत नाही. खुद्द त्या रेणूची शिखरे समोर येतात, म्हणजे त्याची सहीच! यादीत नसलेला नवा रेणू त्याच कुळातला असेल तर तोही कणाला चिकटेल आणि आपली ओळख आपणच देईल. २०१३ साली या गटाने ऋणभारित सेंद्रिय रेणू अशा कणांच्या साहाय्याने मिश्रणातून ओळखून दाखवले. त्या वेळी वापरलेली रीत वजाबाकीची नव्हती, थोडी निराळी होती. परंतु कणाकडून टेकलेल्या रेणूकडे चुंबकीय खूण सरकवायची, हे तत्त्व तेच. २०१८ साली त्यांनी मेथॲम्फेटामिनच्या कुळातील नशिले पदार्थ पाण्यात ओळखण्यासाठी खास कण तयार केल्याचे प्रसिद्ध केले.

अमेरिकेत ओहायो येथे राफाएल ब्रूशवायलर यांच्या गटाने २०१५ साली नेमका उलटा डाव टाकला. त्यांनी लघवीच्या नमुन्यात सिलिकाचे, म्हणजे वाळूच्याच द्रव्याचे, ऋणभारित कण मिसळले. धनभारित रेणू त्यांना चिकटून बसले. मोठ्या कणाला बांधलेला रेणू पाण्यात चपळाईने फिरू शकत नाही, त्यामुळे त्याची शिखरे पसरट होऊन दिसेनाशी होतात. आधीच्या आलेखात होते आणि नंतरच्या आलेखात नाहीत, ते धनभारित, हे उघड झाले. शिवाय उरलेली गर्दी विरळ झाली ती निराळीच.

आता मर्यादा. कण पोलीस चौकीत वापरता येईल, पण यंत्राचे काय? प्रबळ एनएमआर यंत्राचे चुंबक उणे २६९ अंश तापमानाच्या द्रवरूप हेलियमने थंड ठेवावे लागते, आणि हेलियम महाग. टेबलावर मावणारी, हेलियम न लागणारी यंत्रे निघाली आहेत, मात्र त्यांचे चुंबक दुबळे असल्याने शिखरे नीट वेगळी होत नाहीत. अगदी अल्प प्रमाणातील द्रव्यासाठी मापन पुन:पुन्हा करून बेरीज घ्यावी लागते, आणि स्पष्टता दुप्पट हवी तर वेळ चौपट लागतो. शिवाय ज्या कुळासाठी कण बनवला, त्याच कुळासाठी तो चालतो. दुसऱ्या कुळासाठी केसर नव्याने बेतावे लागतात. पुडीतल्या द्रव्याबाबत अखेरचा शब्द म्हणून न्यायवैद्यक प्रयोगशाळा आजही प्रामुख्याने मिश्रण आधी वेगळे करून मग वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रांवरच विसंबतात. एनएमआर आणि सोन्याचे कण ही जोडी मुख्यतः संशोधकांच्या टेबलावर आहे.