विमानाची भागीदारी : उद्योगप्रवासाचे अर्थकारण

बंगळूरच्या दक्षिणेकडील बसवनगुडी ही वसाहत एका आपत्तीतून जन्मली. 1898 साली शहरात प्लेगची साथ पसरली. त्यानंतर दाट वस्तीतील लोकांना मोकळ्या जागेत वसविण्यासाठी मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी या दोन वसाहती आखण्यात आल्या. नंदीचे देवालय, कार्तिकातील भुईमुगाच्या शेंगांची जत्रा, गांधी बाजार आणि शिक्षणसंस्था अशी या भागाची जुनी ओळख आहे. आज या परिसरात राहणाऱ्या उद्योजकांचे व्यवहार मात्र वसाहतीच्या सीमेत मावणारे नाहीत. घर बसवनगुडीत, कारखाना बळ्ळारीत, कच्चा माल पुरविणारा कोल्हापुरात आणि ग्राहक कोइमतूरला, अशी परिस्थिती मध्यम उद्योगांतही आढळते. अशा उद्योजकाचा सर्वांत दुर्मीळ घटक भांडवल नसून वेळ असतो. विमान एकट्याने विकत घेण्याऐवजी अनेकांनी मिळून घ्यावे, या कल्पनेचे आकर्षण येथूनच सुरू होते. ही कल्पना प्रत्यक्षात कशी चालते, तिचा लाभ कोणाला होतो आणि तिच्यातील धोके कोणते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

अविभाज्य वस्तूची वाटणी

विमान ही अविभाज्य वस्तू आहे. अर्धे विमान विकत घेऊन उडविता येत नाही. तथापि अविभाज्य वस्तू वाटून वापरण्याची रीत आपल्या समाजाला नवी नाही. धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाळीने दिले जाते. पाणी सर्वांचे असले तरी पाळी ठरलेली असते आणि ती मोडणाऱ्याला जाब द्यावा लागतो. सहकारी साखर कारखान्यातही सभासदाच्या भागातून यंत्रसामग्री उभी राहते आणि त्याच्या उसाला गाळपाचा हक्क मिळतो. अर्थशास्त्रज्ञ जेम्स बुकॅनन यांनी 1965 साली मांडलेला ‘क्लब’चा सिद्धान्त हेच तत्त्व सांगतो. सभासद वाढले की प्रत्येकाचा खर्च कमी होतो, परंतु गर्दी वाढते. या दोहोंचा समतोल जेथे साधतो तेथे सभासदसंख्येची योग्य मर्यादा असते.

विमानाच्या बाबतीत हे तत्त्व व्यवसाय म्हणून प्रथम अमेरिकेत यशस्वी झाले. 1964 मध्ये स्थापन झालेली एक्झिक्युटिव्ह जेट ही कंपनी 1984 मध्ये रिचर्ड सँटुली यांनी विकत घेतली. गणिताचे शिक्षण घेतलेल्या आणि वित्तक्षेत्रात काम केलेल्या सँटुली यांनी 1986 मध्ये ‘नेटजेट्स’ ही अंशमालकीची योजना सुरू केली. 1998 मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने ही कंपनी घेतली.

या पद्धतीत विमानाचे सोळा भाग कल्पिले जातात. एक षोडशांश भागाच्या मालकास सर्वसाधारणपणे वर्षाला 50 तास आणि एक अष्टमांश भागाच्या मालकास 100 तास उड्डाणाचा हक्क मिळतो. मालकाला तीन प्रकारचे पैसे द्यावे लागतात. पहिली रक्कम भाग खरेदीची, आरंभी एकदाच द्यावयाची. दुसरे मासिक व्यवस्थापन शुल्क. वैमानिकांचे वेतन, विमा, विमान ठेवण्याच्या जागेचे भाडे हे खर्च त्यातून भागतात. तिसरे प्रत्यक्ष प्रवासाच्या तासांचे शुल्क. त्यात इंधन आणि देखभाल यांचा खर्च येतो. ठरावीक वर्षांनंतर व्यवस्थापक कंपनी तो भाग त्या वेळच्या बाजारभावाने, आपली दलाली वजा करून, परत विकत घेते.

आकड्यांतून दिसणारे चित्र

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका लहान जेट विमानाची किंमत 30 कोटी रुपये आहे. व्याज आणि घसारा मिळून वर्षाला 12 टक्के, म्हणजे 3 कोटी 60 लाख रुपये होतात. वैमानिक, विमा, जागा आणि तंत्रज्ञ यांवर 2 कोटी 40 लाख रुपये खर्च होतात. म्हणजे विमान एक तासही उडाले नाही तरी वर्षाचा खर्च 6 कोटी रुपये आहे. प्रत्यक्ष उड्डाणाचा खर्च ताशी 1 लाख रुपये धरू.

एकट्या मालकाने वर्षाला 100 तास प्रवास केला, तर स्थिर खर्चाचा बोजा ताशी 6 लाख आणि उड्डाणखर्च 1 लाख, असा एकूण 7 लाख रुपये खर्च येतो. आता आठ मालकांनी मिळून तेच विमान 600 तास उडविले असे समजू. एकूण खर्च 12 कोटी रुपये होईल. म्हणजे ताशी 2 लाख रुपये, असा हिशेब प्रथमदर्शनी दिसतो. परंतु एका मालकाला हुबळीत सोडून विमान दुसऱ्याला आणण्यासाठी रिकामे जाते. 600 पैकी 150 तास असे रिकामे गेले, तर प्रवासाचे 450 तासच उरतात आणि खरा खर्च ताशी सुमारे 2 लाख 67 हजार रुपये पडतो. तरीही तो एकट्याच्या खर्चाच्या निम्म्याहून कमी आहे. भागीदारीचा लाभ खरा आहे, पण जाहिरातीत दिसतो तेवढा नाही.

पाळीचा प्रश्न

यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न पाळीचा आहे. समजा, आठही मालकांना दर दहा दिवसांतून एकदा विमान लागते आणि त्यांच्या गरजा परस्परांशी संबंधित नाहीत. सरासरीने पाहता रोज 0.8 मागणी येते, म्हणजे एक विमान पुरेसे वाटते. संभाव्यतेचा हिशेब मात्र वेगळे सांगतो. एखाद्या मालकाला विमान हवे असेल त्या दिवशी उरलेल्या सातांपैकी किमान एकाला ते हवे असण्याची शक्यता 52 टक्के आहे. एकूण मागण्यांपैकी 100 मागे सुमारे 29 मागण्या त्या दिवशी पूर्ण होऊ शकत नाहीत. ज्या वस्तूसाठी पावणेचार कोटी रुपये गुंतविले, ती गरजेच्या वेळी दर तीन-चार प्रसंगांतून एकदा मिळणार नसेल, तर भागीदारांत कलह होणे अटळ आहे.

आता आठ विमाने आणि चौसष्ट मालक एकत्र आणले, तर प्रत्येक विमानामागील मालकांची संख्या तीच राहते. परंतु अपूर्ण राहणाऱ्या मागण्या 100 मागे सुमारे 6 वर येतात. एका मालकाच्या विमानाला काम नसताना ते दुसऱ्याच्या कामी येते, हे त्याचे कारण. म्हणूनच यशस्वी योजनांत मालक कागदोपत्री एका विमानाच्या भागाचा धनी असतो, पण प्रवास मात्र ताफ्यातील कोणत्याही समकक्ष विमानाने करतो. ही अदलाबदल हाच या पद्धतीचा प्राण आहे. चार-पाच मित्रांनी मिळून एक विमान घेतल्याने ती साधत नाही. शिवाय सोमवारची सकाळ, लग्नसराई, मोठी प्रदर्शने अशा वेळी सर्वांच्या गरजा एकदमच उद्भवतात. मग वरील हिशेबही कोसळतो आणि बाहेरून विमान भाड्याने आणावे लागते.

भारतातील अनुभव

बंगळूर शहराला या क्षेत्राचा स्वतंत्र इतिहास आहे. हासन जिल्ह्यातील गोरूरचे कॅप्टन गोपीनाथ यांनी 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात येथे डेक्कन एव्हिएशन ही हेलिकॉप्टर भाड्याने देणारी कंपनी उभी केली. पुढे 2003 मध्ये त्यातूनच एअर डेक्कन ही स्वस्त दराची विमानसेवा निघाली. प्रवाशाने भांडवल न गुंतविता तासाचे किंवा आसनाचे पैसे द्यावेत, ही त्यांची दिशा होती. 2008 मध्ये देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू झाला आणि जुन्या एचएएल विमानतळावरील नियमित प्रवासी सेवा तेथे हलविण्यात आली. खासगी आणि भाडोत्री विमानांची ये-जा मात्र जुन्या विमानतळावर सुरू राहिली. बसवनगुडीच्या रहिवाशाला तो देवनहळ्ळीपेक्षा बराच जवळ आहे. खासगी विमानाने वाचणारा वेळ हा हवेतील वेगापेक्षा जमिनीवरील अशा सोयींतून अधिक वाचतो, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

अंशमालकीचे थेट प्रयोगही देशात झाले. दिल्लीच्या क्लब वन एअरने ही कल्पना प्रथम रुजविण्याचा प्रयत्न केला. टाटा समूहातील इंडियन हॉटेल्सचा सहभाग असलेली बीजेट्स ही कंपनी 2008 च्या सुमारास, नेमक्या जागतिक मंदीच्या तोंडावर या व्यवसायात उतरली. तिला जम बसविता आला नाही. मंदीत नवे भागधारक मिळत नाहीत आणि जुन्यांना आपला भाग विकायचा असतो. परत खरेदीचे वचन देणाऱ्या कंपनीवर त्यामुळे दुहेरी ताण येतो.

कायदा आणि जबाबदारी

भारतात विमानाचा वापर कोणत्या प्रवर्गात होतो, यावर सर्व काही अवलंबून असते. खासगी प्रवर्गातील विमान मालकाच्या स्वतःच्या कामासाठी असते. ते भाड्याने देता येत नाही. भाडे घ्यावयाचे असल्यास नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून अनुसूचीबाह्य सेवेचा परवाना घ्यावा लागतो आणि त्यासोबत अधिक कडक सुरक्षाअटी येतात. अनेकांच्या मालकीचे, एका कंपनीने चालविलेले आणि तासाप्रमाणे शुल्क आकारणारे विमान या दोहोंच्या सीमेवर उभे राहते. अमेरिकेने 2003 मध्ये अंशमालकीसाठी स्वतंत्र नियमावली केली. विमानाचा किमान भाग एक षोडशांश असावा आणि उड्डाणावरील नियंत्रणाची जबाबदारी आपली आहे, हे मालकाने लेखी मान्य करावे, असे तीत ठरविले. आपल्याकडे 1934 च्या विमान कायद्याची जागा 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम, 2024 ने घेतली आहे. नव्या चौकटीत अंशमालकीची स्पष्ट व्याख्या होणे इष्ट आहे.

करांचा प्रश्नही याच प्रवर्गाशी निगडित आहे. वस्तू व सेवा कर परिषदेच्या सप्टेंबर 2025 मधील निर्णयानुसार व्यक्तिगत वापराच्या विमानावर 40 टक्के कर आहे, तर इतर विमानांवर तो 5 टक्के आहे. एवढी मोठी तफावत असेल तेथे व्यवहार खऱ्या गरजेपेक्षा करबचतीच्या सोयीने रचले जाण्याचा मोह होतो. भाडोत्री परवान्यावर आणलेले विमान प्रत्यक्षात मालकाच्याच सेवेत राहते काय, यावरून 2007 नंतर सीमाशुल्क विभागाशी अनेक वाद झाले, ते याच कारणाने.

सुरक्षिततेचा मुद्दा पैशांपेक्षाही मोठा आहे. आठ मालक असले की प्रत्येकाला वाटते, देखभालीकडे दुसरा कोणी पाहत असेल. खराब हवामानात “आज उतरायलाच हवे” असा आग्रह धरणारा मालक आणि त्याच्यावर नोकरी अवलंबून असलेला वैमानिक, ही जोडी धोकादायक ठरू शकते. वैमानिक मालकाचा नोकर नसून नियमांनी बांधलेल्या स्वतंत्र कंपनीचा असणे, हा चांगल्या भागीदारीचा मोठा गुण आहे.

निवड कशी करावी ?

वर्षाला दहा-वीस तासच प्रवास असणाऱ्या उद्योजकाने भांडवल न अडकविता भाड्याचे विमान घेणे शहाणपणाचे ठरते. सुमारे 50 ते 150 तासांच्या गरजेसाठी अंशमालकीचा विचार करता येतो. त्याहून बरीच अधिक गरज असेल तरच संपूर्ण मालकी परवडू शकते. कराराआधी चार गोष्टी लेखी असाव्यात : किती तासांच्या सूचनेवर विमान मिळेल, रिकाम्या फेरीचा खर्च कोण देईल, गर्दीच्या दिवसांचा नियम काय आणि भाग परत घेताना किंमत कोण ठरवील.

सार्वजनिक धोरणाचा विचार करता अशा विमानांचा उपयोग मूठभरांपुरता राहू नये. बारामती, लातूर, नांदेड, धाराशिव, यवतमाळ येथील धावपट्ट्या किंवा कर्नाटकातील कलबुर्गी आणि शिवमोग्गा येथील नवे विमानतळ नियमित सेवेने दिवसभर व्यग्र राहत नाहीत. तेथे उतरणाऱ्या उद्योगविमानांनी पूर्ण शुल्क भरले, तर त्या सोयींचा खर्च अंशतः भरून निघेल आणि 2017 पासून उडू लागलेल्या उडान योजनेच्या सामान्य प्रवाशालाही त्याचा आधार मिळेल. मात्र हे शुल्क खऱ्या खर्चावर आधारलेले असावे आणि श्रीमंतांच्या प्रवासाचा भार सरकारी तिजोरीवर पडू नये. पाण्याच्या पाळीत जो न्याय शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, तोच येथेही लागू पडतो. ज्याचा वाटा, त्याची पाळी; आणि ज्याची पाळी, त्याचीच जबाबदारी.