नगरची सगुणा, मद्रासच्या मासिकात

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये, हायकोर्टाच्या लाल इमारतीपासून हाकेच्या अंतरावर, कागदाच्या घाऊक दुकानांच्या आणि हातगाड्यांच्या गजबजाटात अँडरसन चर्च उभे आहे. जॉन अँडरसन या स्कॉटिश मिशनऱ्याने 1837 साली याच वस्तीत शाळा काढली. तिचेच पुढे मद्रास ख्रिश्चन कॉलेज झाले. वस्तीला तेव्हा ब्लॅक टाउन म्हणत. जॉर्ज टाउन हे नाव 1906 सालचे. कॉलेज 1937 मध्ये तांबरमला गेले. पण त्याच्या पन्नास वर्षे आधी, 1887-88 मध्ये, कॉलेजच्या मासिकात एक कादंबरी क्रमशः येत होती. भाषा इंग्रजी, पण घर अस्सल नगरी.

कादंबरीचे नाव ‘सगुणा’, लेखिका कृपाबाई सत्यनाथन. 1862 साली अहमदनगरात जन्मलेल्या कृपाबाई हरिपंत आणि राधाबाई खिस्ती यांच्या चौदा मुलांपैकी तेराव्या. 1878 साली त्या डॉक्टर व्हायला मद्रासला आल्या. पहिल्या वर्षी चमकल्या, पण तब्येतीने दगा दिल्याने शिक्षण सोडावे लागले. 1881 मध्ये सॅम्युएल सत्यनाथन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. मराठी मुलगी आणि तमिळ ख्रिस्ती घर. नवराबायकोंना जोडायला इंग्रजी आणि पवित्र शास्त्र.

‘सगुणा’मध्ये खरे रंगले आहे ते मात्र आधीच्या पिढीचे लग्न. सगुणाच्या ब्राह्मण वडिलांनी बाप्तिस्मा घेतला. आई राधा नवऱ्यामागे आली, पण पटल्यामुळे नव्हे. तिच्यासाठी तो आकांतच होता. सोवळेओवळे तिने बराच काळ सांभाळले, आणि तिचे मन वळायचे ते तिच्याच गतीने वळले. हरिपंतांचा बाप्तिस्मा 1839 सालचा, कृपाबाईंच्या जन्माआधीचा. म्हणजे लेकीने लिहिले ते घरातल्याच आठवणींवर. मिशनच्या अहवालात अशा प्रसंगाला ‘पत्नीसह’ एवढी जागा मिळते. कृपाबाईंनी त्या ‘सह’चा पसारा मांडला.

शास्त्रात अशा जोडप्यांची सोय आहे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 7 व्या अध्यायात म्हटले आहे, की विश्वास न ठेवणारा जोडीदार राहायला राजी असेल तर त्याला सोडू नये. जायचेच म्हणेल तर जाऊ द्यावे. ब्रिटिश सरकारने 1866 मध्ये या उपदेशाचा जवळजवळ कायदाच केला. धर्मांतरित जोडीदाराला दुसऱ्याने धर्मामुळे टाकले, तर न्यायाधीशाने त्या दुसऱ्याला विचारायचे, पुन्हा नांदणार का? नकार आला तरी वर्षभर थांबायचे, मग काडीमोड. एक वर्ष! माणसाचे मन वळायला कायद्याने दिलेली ही मुदत वाचून राधाबाई हसल्या असत्या.

नगरशी बांधलेल्या दुसऱ्या संसारात तर वर्ष पुरलेच नाही. कवी नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, मग नवऱ्याकडे आल्या, तरी जुने आचार पाळत राहिल्या. त्यांचा बाप्तिस्मा 1900 सालचा. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ठाऊक आहे, की टिळकांच्या व्याख्यानांपेक्षा रोजच्या पाणी-पंगतीच्या प्रश्नांनी त्यांना जास्त विचार करायला लावला. बायकोने नवऱ्याच्या अधीन असावे, हे इफिसकरांस पत्रातले वचन लग्नात हमखास ऐकू येते. त्याच्या आधीच्याच ओळीत परस्परांच्या अधीन राहायला सांगितले आहे, ते बहुधा मागे पडते. टिळकांच्या घरात मात्र शेवटी थांबून राहायची पाळी नवऱ्यावरही आली.

कृपाबाईंचा स्वतःचा संसार तेरा वर्षांचा. एकुलते मूल वर्षाच्या आतच गेले. 3 ऑगस्ट 1894 रोजी मद्रासमध्ये त्या वारल्या, तेव्हा वय 32. ‘सगुणा’ पुस्तकरूपाने 1895 मध्ये आली. लेक लिहिती झाली खरी. राधाबाईंची बाजू मात्र आपल्याला लेकीच्याच तोंडून, तीही इंग्रजीत, ऐकावी लागते.